सकाळच्या दाढीविषयी

कोल्हापूर

तीर्थरूप आई व बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की, दोन मिनिटांत उरकणाऱ्या कामासाठी मी रोज पाव तास न्हाणीघरात काय करतो; आणि आईला काळजी वाटली ती दुधारी पात्याने गाल कापण्याची. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

शिरोलीच्या ज्या फाउंड्रीत मी काम करतो, तेथे भट्टीचा आणि ग्राइंडिंगचा आवाज दिवसभर कानांवर आदळत असतो आणि घरी परतल्यावर मोबाईल सुरू होतो. सकाळचा हा वेळ मी पूर्ण शांततेत ठेवतो, कारण या जुन्या धाटणीच्या रेझरने दाढी बऱ्याच अंशी कानांनी करावी लागते. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांच्या कोनात असले की खुंट कापले जाताना बारीक, सलग करकर ऐकू येते. कोन बिघडला की ती मंदावते आणि हात तिथेच सावरून घेता येतो. दाब द्यायचा नसतो, रेझरचे वजनच पुरते. इतका हलका आवाज ऐकण्यासाठी मन एका जागी आणावे लागते, आणि एकदा ते आले की पुढे बराच वेळ तसेच राहते. दिवसभरात मला इतके स्वस्थ दुसऱ्या कशानेही वाटत नाही.

खरी मेहनत पात्याच्या आधीची आहे. दाढीचा केस कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजला की पाणी शोषून मऊ होतो आणि कोरड्या केसापेक्षा बऱ्याच कमी जोरात कापला जातो. आमच्या इमारतीत बोअरचे पाणी येते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून नुसती साय धरतात आणि फेस बसतो, म्हणून मी कॉर्पोरेशनच्या पाण्याचा एक तांब्या वेगळा भरून ठेवतो. ब्रश कृत्रिम केसांचा घेतला आहे. डुकराच्या केसांचा ब्रश आधी भिजत ठेवावा लागतो आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तो लवकर वाळतही नाही. वाटीत थोडे थोडे पाणी घालत साबण घोळवत गेले की फेस फेटलेल्या दह्यासारखा घट्ट व चकचकीत होतो. तो गालांवर गोल गोल फिरवण्यात मला जे सुख वाटते, ते पात्याच्या कामाहूनही अधिक आहे.

रेझर निवडताना मात्र माझ्यातला ओतकामवाला जागा झाला. स्वस्त रेझर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. त्यांवरचा क्रोमचा मुलामा निघाला की आतला धातू ओलाव्याने खराब होऊ लागतो. म्हणून मी पितळेचा घेतला. किंग कॅम्प जिलेट यांना अशा बदलत्या पात्याच्या रेझरचे पेटंट अमेरिकेत १९०४ साली मिळाले. त्यानंतर घडणीत सुधारणा पुष्कळ झाल्या, तरी दोन धारांचे पातळ पाते दोन पत्र्यांत किंचित वाकवून धरायचे, ही मूळ कल्पना आजही तीच आहे. मला त्या रचनेविषयी फार आदर वाटतो. पाते थोडक्या रुपयांत मिळते आणि प्लॅस्टिकचा कचराही होत नाही.

प्रथम केसांच्या वाढीच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवा हात फिरवतो. उलटा हात मी सहसा घेत नाही. गळ्याशी त्वचा नाजूक असते आणि केस आत वळून पुरळ येते. शेवटी ओल्या गालांवर तुरटी फिरवतो. आई, तू पावसाळ्यात गढूळ पाणी निवळायला वापरायचीस, तीच ही तुरटी. ती त्वचा आवळते आणि एखादा ओरखडा उठलाच तर रक्त थांबवते. वापरलेली पाती मी झाकणाला खाच पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवतो, म्हणजे घंटागाडीवरच्या माणसांचे हात कापणार नाहीत.

बाबा, हे वाचून तुम्हांलाही जुना हात आठवेल, हे मी जाणतो. परंतु अँजिओप्लास्टीनंतर तुमच्या रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यांमुळे लहानशी जखमही अधिक वेळ वाहते, म्हणून दुधारी पाते तुम्ही हाती घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओल्या दाढीवर, साबण लावूनही चालणारा इलेक्ट्रिक शेव्हर मिळतो. गणपतीला येताना तो, एक मऊ ब्रश आणि चंदनाचा साबण घेऊन येतो. फेस करायला मीच बसेन. सेलवर चालणारा हवा की चार्जिंगचा, एवढे आईकडून कळवावे, कारण गावी वीज किती वेळ जाते याचा अंदाज तिलाच अधिक आहे.

आपला,
चिरंजीव