लॅपटॉपआधी शिक्षकांची तयारी हवी

जिल्हा परिषद शाळांना लॅपटॉप देण्याविषयीची बातमी वाचली. निर्णय चांगलाच आहे, पण त्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख नाही, हे खटकले. पेरूने मुलांसाठी लाखो लॅपटॉप घेतले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात मात्र गणित व भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. कोणत्या धड्याला कोणता उपक्रम घ्यावा, याचे नेमके मार्गदर्शन तेथील शिक्षकांना नव्हते. एका दिवसाच्या कार्यशाळेत यंत्र सुरू-बंद करता येईल. अपूर्णांक शिकवता येणार नाहीत. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, मासिक शिक्षण परिषदेत शिक्षकांना प्रत्यक्ष पाठ घेऊन सराव द्यावा, आणि तोही लॅपटॉप वर्गात येण्यापूर्वी.

– एक निवृत्त शिक्षिका, कर्जत (जि. रायगड)