राजा-राणीलाही झोपवलं, ते बरं केलं

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलं की बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात आणि आई जेवायला काय केलंस विचारते. म्हणून लिहिते. आम्ही जूनमध्ये कायमचे परत येत नाही आहोत. ईराची शाळा अजून तीन वर्षं इथेच करायची, असं ठरलं. नुसता विचार चाललेला नाही, घराचा करारही नव्याने केला. कारणं पुढे लिहिते. आधी परवाच्या बॅलेचं सांगते, कारण हे पत्र तिथे बसल्या बसल्याच मनात जुळलं.

इथे लंडनला कोव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये 'द स्लीपिंग ब्यूटी' होतं. आम्ही अगदी वर, स्वस्तातल्या रांगेत. (हो आई, स्वेटर घातला होता.) चायकोव्हस्कीचं संगीत, मारियुस पेतिपाने बसवलेला नाच. पहिला प्रयोग १८९० साली सेंट पीटर्सबर्गच्या मारिइन्स्की थिएटरात झाला. आपल्याकडे किर्लोस्कर मंडळी गाजत होती तो काळ, बाबा. रंगीत तालमीला खुद्द झार आला आणि चायकोव्हस्कीला एवढंच म्हणाला, "छान आहे." बिचाऱ्याने ते रोजनिशीत पुढे उद्गारचिन्हं मारून लिहून ठेवलं. तुमच्या "बरं आहे"वर वाढलेल्या मुलीला त्याचं दुःख समजावून सांगावं लागत नाही!

सुरुवात बारशाने. राजा फ्लोरेस्टानला मुलगी झाली आहे, ऑरोरा. पऱ्या एकेक गुण देऊन जातात. पण पाहुण्यांची यादी करणारा कारभारी कातालाब्यूत काराबॉस नावाच्या परीला बोलवायचं विसरतो आणि ती उंदरांच्या रथातून दरबारात येऊन उभी राहते. मला आपल्या वास्तुशांतीची यादी आठवली. पुढचं लिहीत नाही, आई वाचते आहे.

काराबॉस शाप देते, मुलगी मोठी झाली की बोटाला टोचून मरेल. लायलॅक परीचा वर द्यायचा राहिलेला असतो. तिला शाप पुसता येत नाही, फक्त सौम्य करता येतो. मरण नाही, शंभर वर्षांची झोप, आणि राजपुत्राच्या चुंबनाने जाग. राजा काय करतो? राज्यातल्या सगळ्या सुया आणि सूत कातायच्या चात्या बंद! विणकाम करताना सापडलेल्या बायकांना फाशी द्यायला निघतो, राणी हातापाया पडून सोडवते. बाबा, तुम्ही विळी माळ्यावर टाकली होती. तरी माझ्या हनुवटीवरची खूण कुठून आली ते आपल्या तिघांनाच ठाऊक. तिथेही तेच होतं. वाढदिवसाला एक म्हातारी ऑरोराच्या हातात चाती देते, आणि तोवर ती काय वस्तू आहे हे पोरीने कधी पाहिलेलंच नसतं.

त्याआधीचा नाच तुम्हाला दाखवायला हवा होता. लग्नाच्या इच्छेने चार राजपुत्र येतात. ती एका पायाच्या चवड्यावर उभी, एकाचा हात सोडते, क्षणभर निराधार तोल सांभाळते, मग दुसऱ्याचा धरते. सगळं थिएटर श्वास रोखून. दुसऱ्या महायुद्धात हे थिएटर नाचाचा हॉल झालं होतं. २० फेब्रुवारी १९४६ ला पुन्हा उघडलं ते याच बॅलेने, आणि ऑरोरा होती मार्गो फॉन्टेन.

आता मुद्दा. ऑरोरा कोसळल्यावर लायलॅक परी अख्ख्या दरबाराला झोपवते. राजा, राणी, तो यादीवाला, सगळे. वर रान वाढतं. पेरो या फ्रेंच लेखकाने १६९७ साली ही गोष्ट छापली त्यात असं नाही. तिथे राजा-राणी निजलेल्या लेकीचा पापा घेतात आणि वाडा सोडून जातात. ती उठते तेव्हा गादीवर दुसरंच घराणं असतं. पुढे ग्रिम बंधूंनी आई-बापांनाही झोपवलं, बॅलेतही तसंच ठेवलं. म्हणून शेवटी तिच्या लग्नात दोघं हजर असतात, होते त्याच वयाचे. राजपुत्राचं प्रेम वगैरे ठीक आहे, पण मला त्या गोष्टीतली खरी जादू हीच वाटली. मध्यंतरात ईराने विचारलं, "आजी-आजोबांनापण झोपवलं?" मी तिला आइस्क्रीम आणायला बाबाबरोबर पाठवलं.

आई, झोपवायचं म्हणजे भलता अर्थ घेऊ नकोस. एवढंच, की आमची तीन वर्षं तुमच्या वयात धरली जाऊ नयेत.

कारणं खरी आहेत. आत्ता उठवलं तर ईराची मधली वर्षं वाया जातात, अमेयचं काम अर्धवट राहतं, आणि माझीही नोकरी मोठ्या मुश्किलीने मार्गी लागली आहे. तुम्हीच शिकवलंत, हातातलं पुरं करूनच उठायचं. (हे तुमच्यावर ढकलत नाही.) दर दिवाळीला येऊ. मे महिन्यात तुम्ही यायचं. खोली उबदार आहे, बाथरूम लागूनच, चहाला आलं मिळतं, आणि बाबांना पेपर फोनवर मोठ्या अक्षरात लावून देईन.

तोवर हुकूम काढायची पाळी माझी. स्टुलावर चढायचं नाही. ते रमेशदादाला सांगून त्यांच्याकडे हलवलं आहे, शोधू नका. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस येईल, त्याला परत पाठवू नका. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नसते. आई, गुडघ्याचं डॉक्टरांना खरं सांग. पुराचा इशारा आला की पाणी कोपऱ्यापर्यंत यायची वाट न पाहता मिरजेला जायचं. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, या महिन्यात अर्ज करा. व्हिसाचं आम्ही बघू.

रात्रीच्या सोबतीला शोभामावशी एक तारखेपासून येतील. पैशांचं बोलणं झालं आहे, तुम्ही काढू नका. तुम्हाला जमत नाही म्हणून नाही, मला इथे झोप लागावी म्हणून.

तुमची,
मनू

ता. क. आई, मावशी सोबतीला येणार आहेत, पाहुण्या म्हणून नव्हे. त्यांच्यासाठी रोज वेगळी भाजी करत बसू नकोस.