सोनू एक तारखेपासून माझ्याकडे येतोय

प्रिय आई-बाबा,

फोनवरच सांगणार होते, तीनदा लावलासुद्धा, पण आईचा "हॅलो" ऐकला की माझं सगळं अवसान जातं आणि मी गोळ्या घेतल्या का, झोप लागली का असलंच विचारून ठेवून देते. म्हणून लिहिते.

दादाचा सोनू पुढच्या एक तारखेपासून माझ्याकडे, जळलेल्या मोटरींमध्ये नवी तार भरायच्या वर्कशॉपवर येतोय. राहणारही माझ्याकडेच. दादाशी आणि वहिनीशी बोलणं झालंय, त्याच्याशी तर झालंच आहे, तुम्हाला मात्र सगळ्यात शेवटी सांगतेय आणि हे चुकीचं आहे हे मला कळतंय. पण आधी सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबा गप्प बसले असते, आणि बाबा गप्प बसले की माझ्याने पुढचं पाऊल टाकवत नाही, हे लहानपणापासूनचं आहे. म्हणून आधी ठरवलं आणि मग लिहायला बसले. रागावलात तर रागवा, पण पत्र पूर्ण वाचा.

तुमच्या मनात काय येणार ते मला माहितीये. परत तेच. परत आपल्या घरातलं सोळा-सतरा वर्षांचं पोर शाळा सोडून कामाला. आई, तू गेल्या वर्षी त्याचा निकाल लागला त्या दिवशी म्हणालीस ना, "एकीचं झालं ते पुरे नाही का", ते मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकलं होतं. तेव्हा काही बोलले नाही. आज बोलते. माझं जे झालं त्याबद्दल तुम्ही दोघं २७ वर्षं स्वतःला दोष देताय आणि त्याच नजरेने सोनूकडे बघताय, म्हणून तो तुमच्यासमोर मान वर करत नाही. त्या वर्षी जे झालं त्यात तुमच्या हातात काही नव्हतं. बाबांची ती अवस्था, घरात ते सगळं, कोणीतरी बाहेर पडायलाच हवं होतं आणि दादाचं शेवटचं वर्ष होतं. मी माझ्या मनाने गेले. तुम्ही मला पाठवलं नव्हतंत.

सोपं होतं असं मात्र म्हणणार नाही, खोटं होईल. पहिल्या जागी तीन महिने मी झाडू मारला, पेट्या उचलल्या, आणि पैसे मागितले की "तू अजून शिकतेयस ना" हे उत्तर. शिकवलं तर काहीच नव्हतं, टेबलाजवळ उभं राहिलं तरी हाकलायचे. ते सोडल्यावर किती ठिकाणी विचारत हिंडले ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. सगळीकडे दोनच प्रश्न, किती शिकलीस आणि अनुभव काय. दोन्हीचं उत्तर नाही. अनुभव कोणी दिल्याशिवाय येणार कुठून हे विचारायची तेव्हा हिंमत नव्हती.

मग उस्ताद भेटले. त्यांनी शाळेचं विचारलंच नाही. एक जळलेली मोटर समोर ठेवली आणि म्हणाले ही कॉइल, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, सोडव, एकेक तार मोज, कापायची नाही, घाई करायची नाही. वार्निश लागून तारा दगडासारख्या झालेल्या. मी दुपारभर बसले होते, नखं काळी झाली, बोटांना चिरा पडल्या, आणि एकदा मोजताना चुकले तर सरळ सांगितलं की चुकले, परत मोजते. त्यांनी मला त्याच एका वाक्यावर ठेवून घेतलं, हे त्यांनी खूप वर्षांनी सांगितलं. आणि बाबा, मोजायचं कसं ते माहितीये? आपल्या जुन्या घराच्या पायऱ्या तुम्ही माझं बोट धरून मोजायचात ना, दर दहाला थांबून एक चिंचोका खिशातून काढून माझ्या मुठीत द्यायचात. तसंच. तारेचे दहा वेढे, आम्ही टर्न म्हणतो, झाले की एक खडा बाजूला. आजही मी टर्न मोजते ते मनातल्या मनात तुमच्या आवाजात मोजते. हे तुम्हाला कधीतरी सांगायचं होतं, आज जमलं.

आता सोनूचं. त्याने तुमच्या खोलीतला पंखा दुरुस्त केला तेव्हा तुम्हाला वाटलं असेल पोराने खटपट केली, चालला, झालं. तसं नाहीये. मी ती वही बघितलीये. गणिताच्या वहीची मागची पानं. आधी कपॅसिटर, म्हणजे पंखा फिरायला लागतो तो छोटा डबीसारखा भाग, बदलला, अडीच मायक्रोफॅरॅडचा, तरी पंखा तापत होता आणि वास येत होता, मग याने उघडला. जळलेली वाइंडिंग तोडून टाकायच्या आधी डेटा काढला, म्हणजे कुठल्या स्लॉटमधून (लोखंडातल्या खाचेतून) कुठल्या स्लॉटमध्ये कॉइल जाते त्याचं चित्र, प्रत्येक कॉइलचे टर्न, तारेची जाडी, कनेक्शन कुठून कुठे. त्याला हे कोणी सांगितलं नव्हतं. चांगले चांगले हेल्पर इथेच चुकतात, आधी कापतात आणि मग डोक्याला हात लावून बसतात. पहिल्यांदा भरताना त्याने तार स्लॉटच्या कडेवर घासली, तारेवरचा इनॅमलचा थर निघाला, शॉर्ट झालं. खाचेत तारेखाली इन्सुलेशनचा कागद घालतात तो कमी पडला होता. वहीत लिहिलंय, "कागद छोटा कापला, माझी चूक". दुसऱ्यांदा कागद बाहेर दुमडून घेतला. ते पान बघून मी तिथेच बसून राहिले थोडा वेळ.

मागच्या महिन्यात आला होता तेव्हा मी त्याला एक थ्री फेज मोटर दाखवली, म्हणजे तीन तारांतून वीज घेणारी, ३६ स्लॉट, ४ पोल (चुंबकाची टोकं). विचारलं, स्लॉटची वाटणी कशी करशील? कागदावर करत बसला. पोलला ९ स्लॉट, तीन फेजमध्ये वाटले की पोलला फेजमागे ३. एक पोल म्हणजे विजेच्या हिशोबाने १८० अंश, मग एका स्लॉटला २० अंश, दोन फेजमध्ये १२० हवेत म्हणजे सहा स्लॉट पुढे, पहिल्यापासून सुरू केलं तर सातव्यापासून, पुढची फेज सुरू. हा मुलगा गणितात नापास झालाय. मी त्याला म्हटलं अरे हेच तर गणित आहे, तर माझ्याकडे असं बघितलं जसं कोणी त्याला फसवतंय.

मी त्याला फॅरेडेची गोष्ट सांगितली, तुम्हालाही सांगते. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरती, १८०५ साली चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. सात वर्षं. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. मग हंफ्री डेव्ही नावाच्या मोठ्या शास्त्रज्ञाची व्याख्यानं ऐकायला मिळाली, तर त्याने ती सगळी लिहून काढली, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हीला पाठवून दिली. दाखवायला सर्टिफिकेट नव्हतंच, ती वहीच दाखवली. १८१३ मध्ये त्याला प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं. आणि १८३१ मध्ये याच माणसाने लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना तार गुंडाळली, मध्ये कापड आणि सुतळी घालून, आणि एका तारेतला करंट चालूबंद केला की दुसरीत क्षणभर करंट येतो हे दाखवलं. म्हणजे आम्ही दिवसभर जे करतो, लोखंडावर तार आणि मध्ये इन्सुलेशन, तेच. आई, सोनू फॅरेडे होईल असं मी म्हणत नाहीये. त्याची वही कोणीतरी नीट बघायला हवी होती एवढंच म्हणतेय, आणि मी बघितली.

आता तुमच्या काळजीचं. तो अजून सतरा पूर्ण आहे, अठरा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७३ सालीच ठरवलंय की साधारण कामाला किमान १५ वर्षं आणि धोक्याच्या कामाला १८. त्यामुळे अठरा होईपर्यंत चालू लाइनवर टेस्टिंग नाही, जुनी वाइंडिंग जाळायची तिथे धुरात जायचं नाही, वार्निशच्या भट्टीजवळ नाही, मोठ्या मोटरी उचलायच्या नाहीत. कॉइल गुंडाळणं, कागद कापणं, स्लॉट भरणं, डेटा लिहिणं, आणि मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, बघायला शिकणं, ते मी बाजूला उभी असतानाच. संध्याकाळी सहाला बंद, रात्रीचं काम नाही, आठवड्याला एक सुट्टी. पगार पहिल्या दिवसापासून, त्याच्या नावाच्या खात्यात. "शिकतोयस ना" हे वाक्य माझ्या वर्कशॉपमध्ये कोणी कोणाला म्हणणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

आणि शाळा. आई, हे दोनदा वाच. शाळा मी सोडायला लावत नाहीये. राहिलेले विषय तो बाहेरून देणार, सकाळचे दोन तास त्याचेच, शिकवायला एक बाई मिळाल्यात. कागदाशिवाय चालतं असं मी त्याला अजिबात सांगितलेलं नाही. माझं चाललं, पण किती ठिकाणी अडलं ते मला माहिती. एका मोठ्या कामाच्या वेळी सगळं पसंत पडलं होतं, माझ्या हातच्या मोटरी चालवून बघितल्या होत्या त्यांनी, आणि शेवटी फॉर्मवर शिक्षणाचा रकाना रिकामा राहिला म्हणून ते काम गेलं. त्या रात्री तुम्हाला फोन केला होता आणि सर्दी झालीये म्हणून सांगितलं होतं. ती सर्दी नव्हती. सोनूचा रकाना मी रिकामा ठेवू देणार नाही.

मग मला जे मिळालं नाही ते त्याला मिळेल ना, याचंच मला समाधान वाटतंय. मला काम शिकवणारे उस्ताद मिळाले, पण पहिले ते तीन महिने विचारायला कोणी नव्हतं. घरी येऊन सांगावं तर तुम्हीच इतके थकलेले. पण बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी कोपऱ्यावर यायचात, बरं नसताना, आणि सहज फिरायला आलो म्हणायचात, माझी पिशवी हातातून घ्यायचात आणि काही विचारायचा नाहीत. मला कळायचं. आणि आई माझ्या बोटांना रात्री मलम लावायची, मी झोपलेय असं समजून. मी जागी असायचे. डोळे उघडले तर तू हात काढून घेशील म्हणून उघडायचे नाही.

हे सगळं लिहिताना एकच गोष्ट बोचतेय, ती म्हणजे तुम्ही दोघंच राहणार. त्याचाच जास्त विचार केलाय मी, खरं सांगते. संध्याकाळी पाच ते आठ यायला एक बाई ठरवल्यात, चांगल्या आहेत, बोलक्या आहेत, आईला सोबत होईल. आठवड्याच्या गोळ्यांचा डबा घेतलाय, सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे आहेत, सोनू शनिवारी येऊन भरून जाईल. हो, दर शनिवारी येणार, रविवारी रात्री परत, हे त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलंय, मी त्याच्याकडून नाही. त्याची खोली तशीच ठेवा, चादरसुद्धा काढू नका. मोबाइलमध्ये माझा नंबर एक आकडा दाबून लागतो असा करून दिलाय, बाबांना माहितीये कसं ते, आईलाही दाखवा.

आणि आता ऐका, यात मी ऐकून घेणार नाही. बाबा, बीपीचं मशीन कपाटात ठेवायला आणलेलं नाही, सकाळी उठल्यावर पाच मिनिटं शांत बसून मग मोजायचं आणि आकडा लिहायचा, चांगला आला तरच लिहायचा असं नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम दुखलं तर थांबव, पण दुखेल म्हणून सुरूच करायचे नाहीत हे चालणार नाही. डोळ्यांच्या तपासणीला या महिन्यात जायचंय, मी स्वतः येऊन नेणारे, तारीख पुढे ढकलू नका. आणि सोनू जाताना रडू नका दोघंही, म्हणजे रडा, पण तो रिक्षात बसल्यावर. त्याला वाटतंय की तुम्हाला टाकून चाललोय. त्याला फक्त एवढं सांगा की पंखा छान चाललाय. खरंच छान चाललाय ना? आवाज येत असेल तर मला कळवा, त्याला नको.

जिन्यातला दिवा गेलाय असं आई परवा म्हणत होती. सोनू शनिवारी बदलेल. तोपर्यंत बाबांनी स्टुलावर चढायचं नाही, आणि अंधारात उतरायचंच असेल तर कठडा धरून, मोजत उतरा.

तुमची,
मनू