नेट बंद पडले म्हणजे फॉरमॅट, ही सवय मोडायला हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

बार्शी शहरात गेली १९ वर्षे मी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करतो. आसपासच्या गावांतील शाळा, पतसंस्था, अडत दुकाने, छापखाने आणि सेवा केंद्रे यांचे संगणक माझ्याकडे येतात. त्यांतील एक तक्रार इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्याविषयी आपल्या वृत्तपत्रातून लिहावे असे वाटले. तक्रार अशी असते : ‘व्हायरस आला होता, अँटिव्हायरसने तो काढला, पण तेव्हापासून नेट चालत नाही.’ यावर आमच्या व्यवसायात सर्रास एकच उपाय केला जातो आणि तो म्हणजे फॉरमॅट. सगळी विंडोज पुसून नव्याने घातली की दोन-तीन तासांत नेट सुरू होते आणि गिऱ्हाईक संगणक घेऊन घरी जाते. माझे म्हणणे असे की बहुतेक वेळा या फॉरमॅटची गरज नसते आणि त्यात लोकांचे जे नुकसान होते, ते भरून येण्यासारखे नसते.

एक उदाहरण देतो. गेल्या लग्नसराईच्या तोंडावर जवळच्या गावातील एका छापखान्याचे मालक माझ्याकडे आले. कोणीतरी पेनड्राइव्हमधून दिलेल्या क्रॅक सॉफ्टवेअरबरोबर त्यांच्या दोन्ही संगणकांत व्हायरस शिरला होता. अँटिव्हायरसने तो काढला, पण दोन्हींवरचे नेट बंद झाले. पहिला संगणक त्यांनी दुसऱ्या एका दुकानात दिला. तिथे त्यांना सांगण्यात आले की डी ड्राइव्हला हात लावणार नाही, फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट करू. मालकांनी विश्वासाने होकार दिला. ‘डेस्कटॉप’ आणि ‘डॉक्युमेंट्स’ ही दोन्ही ठिकाणे नेहमीच्या रचनेत सी ड्राइव्हमध्येच असतात, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि दुकानदाराने सांगितले नाही. ११ वर्षांत तयार केलेल्या लग्नपत्रिकांचे आणि कार्यक्रमपत्रिकांचे नमुने डेस्कटॉपवर होते, ते गेले. जुने मराठी टंक, म्हणजे फॉन्टही, गेले. युनिकोडपूर्व टंकांत बसवलेला मजकूर तोच टंक नसेल तर नुसता अक्षरांचा गोंधळ दिसतो, त्यामुळे डी ड्राइव्हवर ज्या फायली वाचल्या होत्या, त्याही उघडून वाचता येईनात. दुसरा संगणक ते माझ्याकडे घेऊन आले. त्यात व्हायरसने प्रॉक्सीची, म्हणजे नेटची ये-जा ज्या मध्यस्थामार्फत करायची त्याची, नोंद बदलून ठेवली होती. ती काढून टाकली आणि १० मिनिटांत नेट सुरू झाले. पहिल्या संगणकाचे दुखणेही बहुधा तेवढेच असावे, आणि हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटले.

हे असे का होते, ते सामान्य वाचकाला समजण्यासारखे आहे. नेटवरून येणारा-जाणारा मजकूर आपल्या हाती यावा म्हणून असे उपद्रवी प्रोग्रॅम पुष्कळदा संगणकाच्या जाण्या-येण्याच्या वाटेवरच येऊन बसतात. कालव्याचे पाणी कोणी मध्येच पाट फोडून आपल्या शेतात वळवावे, तसा हा प्रकार आहे. अँटिव्हायरस त्या चोराला हाकलतो, पण फोडलेला पाट पुन्हा बांधेलच असे नाही. संगणक त्याच वळवलेल्या वाटेने माहिती पाठवत राहतो, पलीकडे ती घेणारे कोणी उरलेले नसते, आणि आपल्याला वाटते की नेट ‘उडाले’. प्रॉक्सीच्या बाबतीत हे नेमके दिसते. व्हायरस ब्राउझरला सांगून ठेवतो की ‘प्रत्येक पान १२७.०.०.१ या पत्त्यावरून, म्हणजे याच संगणकात बसलेल्या माझ्या प्रोग्रॅममधून, मागव.’ प्रोग्रॅम गेला तरी ही सूचना राहते. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘सेटिंग्ज’मधील ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ आणि त्यातील ‘प्रॉक्सी’ येथे जाऊन ती बंद करता येते. फायरफॉक्स वापरणाऱ्यांनी त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही एकदा पाहावे. एखाद्या कार्यालयाने किंवा महाविद्यालयाने स्वतःच प्रॉक्सी लावलेली असेल, तर मात्र विचारल्याशिवाय ती काढू नये.

हाच प्रश्न एकदा जगभर उभा राहिला होता आणि तो ज्या रीतीने हाताळला गेला, त्यातून आमच्या व्यवसायाने शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ‘डीएनएसचेंजर’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने सुमारे १०० देशांतील ४० लाखांच्या आसपास संगणकांची डीएनएसची नोंद बदलली होती. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो तेव्हा त्या नावाचा अंकी पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. चोरांनी तिथे स्वतःच्या सर्व्हरचे पत्ते घातले आणि लोकांना आपल्या सोयीच्या जाहिरातींकडे वळवून सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर मिळवले. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने एस्टोनियाच्या पोलिसांच्या साहाय्याने ही टोळी पकडली. आता अडचण अशी होती की ते सर्व्हर एका झटक्यात बंद केले असते, तर ज्यांच्या संगणकांत ही नोंद अजून होती, त्या सगळ्यांचे इंटरनेट त्याच क्षणी बंद पडले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्या पत्त्यांवर ‘इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम’ या संस्थेने स्वच्छ सर्व्हर चालवले. आधी मुदत मार्च २०१२ पर्यंत होती, ती ९ जुलै २०१२ पर्यंत वाढवण्यात आली, आणि त्या काळात लोकांना आपापले संगणक तपासून नोंद दुरुस्त करायला सांगितले गेले. चोर पकडणे आणि बिघडवलेली वाट दुरुस्त करणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे तिथे ओळखले गेले. माझ्या टेबलावर येणाऱ्या एकेका संगणकालाही हेच लागू पडते.

डीएनएसचा दोष आहे की नाही, हे ओळखायला फार विद्या लागत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत, ८.८.८.८ या अंकी पत्त्याला ‘पिंग’ केल्यावर, म्हणजे तो पत्ता प्रतिसाद देतो का हे विचारल्यावर, उत्तर येते, पण एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग केल्यावर नाव सापडत नाही असे येते, तेव्हा रस्ता चालू आहे आणि पत्ता सांगणारा बिघडला आहे, असे समजावे. नेटवर्क जोडणीच्या ‘आयपीव्ही४’च्या गुणधर्मांत जाऊन डीएनएसचा पत्ता आपोआप मिळावा, असा पर्याय निवडला की बहुतेक वेळा काम होते. तरीही झाले नाही, तर राउटर पाहावा. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललेला नसेल, तर व्हायरस त्याच्या आतील नोंदही बदलू शकतो, आणि मग संगणक दहा वेळा फॉरमॅट केला तरी दुखणे परत येते. यासाठी मी गिऱ्हाइकांना फोनवरूनच एक साधी परीक्षा सांगतो. संगणक मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहा. तिथे नेट चालले, तर दोष राउटरमध्ये किंवा लाइनमध्ये आहे. घरच्या वायफायवर मोबाइल नीट चालतो आणि संगणक मात्र कुठेच चालत नाही, तर दोष संगणकात आहे. एवढ्यानेही कित्येकांची एसटीने संगणक उचलून आणण्याची खेप वाचली आहे.

कधी असे होते की सगळी संकेतस्थळे उघडतात, फक्त अँटिव्हायरसची आणि मायक्रोसॉफ्टची उघडत नाहीत. अशा वेळी विंडोजच्या आतील ‘होस्ट्स’ नावाची छोटी मजकूर-फाइल पाहावी. संकेतस्थळाच्या नावाचा अंकी पत्ता तिच्यात लिहून ठेवता येतो. आताच्या विंडोजमधील मूळ फाइलमध्ये # या खुणेने सुरू होणाऱ्या माहितीच्या ओळींपलीकडे काही नसते. व्हायरस तिच्यात या कंपन्यांच्या नावांपुढे चुकीचे पत्ते घालून त्यांचे दार बंद करून टाकतो.

सर्वांत फसवा प्रकार विन्सॉकचा. वायफायची खूण व्यवस्थित दिसते, राउटरचे दिवे लागलेले असतात, पण पान एकही उघडत नाही. विंडोजमध्ये प्रत्येक प्रोग्रॅमची नेटवरची ये-जा विन्सॉक नावाच्या थरातून होते आणि त्यात मध्ये कड्या जोडता येतात. व्हायरस आपली कडी जोडतो, अँटिव्हायरस तिची फाइल पुसतो, आणि साखळी मध्येच तुटते. ती पूर्ववत करण्याची आज्ञा, ‘नेटश विन्सॉक रीसेट’ (netsh winsock reset), २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून विंडोजमध्येच आहे. ती प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये द्यावी लागते आणि नंतर संगणक बंद करून चालू करावा लागतो. इतकी जुनी सोय हाताशी असताना विंडोज पुसायला घेणे मला पटत नाही. काळजी मात्र घ्यावी लागते. व्हीपीएनसारखे काही प्रोग्रॅम यानंतर पुन्हा घालावे लागतात. याच्या जोडीची आयपी रीसेट करण्याची आज्ञा हाताने घातलेले पत्ते पुसते, म्हणून पतसंस्थेत किंवा शाळेत, जिथे प्रिंटर आणि हजेरीचे यंत्र ठरावीक पत्त्यांवर चालते, तिथे आधी सगळे आकडे वहीत लिहून घ्यावेत. मी स्वतः हे एकदा विसरलो होतो आणि एका शाळेच्या कार्यालयाचा पूर्ण दिवस माझ्यामुळे वाया गेला. विंडोज १० मध्ये २०१६ पासून आलेले ‘नेटवर्क रीसेट’ हे बटण याहून मोठे काम करते, म्हणून ते मी शेवटी वापरतो.

क्वचित घाव याहून खोल असतो. साधारण २०११ ते २०१३ या काळात ‘झिरोॲक्सेस’ नावाच्या रूटकिटने, म्हणजे विंडोजच्या आत खोलवर दडून बसणाऱ्या व्हायरसने, आम्हा सर्वांना हैराण केले होते. ते विंडोजच्या फायरवॉलसारख्या सेवाच उखडून टाकत असे. कधी व्हायरसने बाधित केलेली नेटवर्कची मूळ फाइल अँटिव्हायरस पुसतो, मग संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळत नाही आणि १६९.२५४ ने सुरू होणारा स्वतःचाच पत्ता तो धरून बसतो. तिथे विंडोजच्या मूळ फायली तपासून दुरुस्त करणारी ‘एसएफसी’ ही आज्ञा चालवून पाहावी. तिनेही जमले नाही, तर फॉरमॅट करणे योग्यच, आणि ज्या संगणकावरून संस्थेचे बँक व्यवहार होतात, तिथे रूटकिट सापडल्यावर मी स्वतःच फॉरमॅटचा आग्रह धरतो. फॉरमॅटला माझा विरोध नाही. आधी निदान न करता, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, टॅलीचे फोल्डर, टंक आणि ई-मेल यांची प्रत न काढता केलेल्या फॉरमॅटला विरोध आहे.

आणखी एक गोष्ट उलट बाजूने सांगणे आवश्यक आहे, कारण नेट लवकर सुरू करून द्या, असा तगादा गिऱ्हाईकही लावते. संगणक खरोखर स्वच्छ झाला आहे, याची खात्री होण्याआधी तो नेटला जोडू नये. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस असेल, तर नेटची तार आधी काढावी आणि इतर संगणकांपासूनही तो वेगळा करावा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ ही सोय आहे, जी संगणक नव्याने सुरू करून विंडोज चालू होण्याआधी तपासणी करते. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेच्या संस्थेने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर व्हायरस काढण्याची साधने मोफत मिळतात, आणि त्यांतील एक आपल्या पुण्याच्या क्विक हीलचे आहे. ज्याचे नेटच बंद आहे, त्याने ती दुसऱ्या स्वच्छ संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने न्यावीत. केंद्राचे मोबाइलवर येणारे सावधगिरीचे संदेश फसवणुकीचे समजून लोक पुसतात, असा माझा अनुभव आहे. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, आणि खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर संगणक दुरुस्त होण्याची वाट न पाहता सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि बँकेला तात्काळ कळवावे.

आता माझ्या विनंत्या. आमच्या व्यवसायबंधूंनी संगणक ताब्यात घेताना आणि परत देताना लेखी चिठ्ठी द्यावी, ज्यात काय दोष सापडला, कोणती नोंद बदलली, कशाची प्रत काढली आणि फॉरमॅट केले असल्यास का केले, हे मराठीत लिहिलेले असावे. गिऱ्हाइकांनीही ती मागून घ्यावी. एमएस-सीआयटीच्या वर्गांत आणि आयटीआयच्या संगणक अभ्यासक्रमात प्रॉक्सी, डीएनएस, होस्ट्स आणि विन्सॉक यांवर एखादे प्रात्यक्षिक मुलांकडून हाताने करून घेतले जावे, कारण उद्या हीच मुले दुकाने थाटणार आहेत. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की तज्ज्ञांकडून तपासून घेऊन ही तपासणीची रीत, चित्रांसह, आपल्या एखाद्या पुरवणीत पानभर छापावी. विंडोज १०ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, पण आमच्या तालुक्यात ती अजून कितीतरी ठिकाणी चालू आहे, त्यामुळे असे संगणक पुढेही येत राहतील. मी वापरतो त्या चिठ्ठीचा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. कोणालाही तो छापून घेऊन वापरता येईल.

आपला विश्वासू,
एक संगणक दुरुस्ती व्यावसायिक,
बार्शी, जि. सोलापूर