एक्मोवरच्या पेशंटची शुगर: एका आकड्यावरून आशा सोडू नका

संपादक महोदय,

तुमच्या पेपरात एक्मोवर लेख आला होता, त्यात एक वाक्य होतं की रक्तातली साखर वाढली की असे पेशंट सहसा वाचत नाहीत. ते वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितेय. मी आयसीयूत नर्स आहे, एक्मोचे पेशंट सांभाळते. हृदय, फुप्फुसं थकली की हे मशीन रक्त जाड नळीतून बाहेर घेतं आणि ऑक्सिजन मिसळून परत आत सोडतं. भेटायला येणाऱ्यांना मशीनचा फ्लो, लॅक्टेट काही कळत नाही, पण शुगर हा शब्द घरोघरी माहीत, त्यामुळे पहिला प्रश्न तोच, "सिस्टर, आज शुगर किती?" २४० म्हटलं की चेहरा उतरतो, त्यात असं काही वाचलेलं असेल तर विचारूच नका.

साखर खूप वाढलेल्या पेशंटमध्ये मृत्यू जास्त दिसतात हे खरंय. पण साखरेमुळे पेशंट जातो की पेशंट मुळातच जास्त सिरियस म्हणून साखर चढते, हे नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. शरीर संकटात असलं की कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रिनलिन वाढतं, लिव्हर साखर सोडत राहतं, इन्सुलिनचा असर कमी होतो, वर बीपी टिकवायला आम्हीच अ‍ॅड्रिनलिनची ड्रिप लावलेली असते, तीही साखर चढवते.

मग दाबून खाली का आणत नाही असं नातेवाईक विचारतात. ते करून झालंय. २००१ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या सर्जिकल आयसीयूत साखर ८० ते ११० मध्ये ठेवली तेव्हा तिथले मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ वर आले, सगळीकडे तेच सुरू झालं. मग २००९ ला नाइस-शुगर नावाची सहा हजारांहून जास्त पेशंटची ट्रायल आली (एक्मोचीच अशी नाही, सगळ्या आयसीयूंची), त्यात ९० दिवसांत कडक कंट्रोलवाल्यांचे मृत्यू २७.५ टक्के आणि १८० च्या आत ठेवलेल्यांचे २४.९. साखर ४० किंवा त्याखाली जाणं कडक गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात फक्त ०.५. म्हणून आता साधारण १८० च्या वर टिकली की इन्सुलिन, आणि १४० ते १८० मध्ये ठेवायची. मला स्वतःला तीनशेपेक्षा पन्नासची भीती जास्त वाटते, कारण घरी साखर उतरली की माणूस घामाघूम होतो, थरथरतो, बोलून दाखवतो, आमचा पेशंट झोपेच्या औषधाखाली असतो, तो काहीच सांगत नाही आणि मेंदूला मात्र इजा होत राहते.

बोट टोचून आलेल्या आकड्यावरही आमचा भरवसा नसतो. बोटं गार, हात सुजलेले, रक्त पातळ झालेलं, ग्लुकोमीटर हमखास चुकू शकतो, म्हणून आर्टरी लाईनमधून, म्हणजे धमनीत बसवलेल्या नळीतून, रक्त घेऊन रक्त तपासायच्या गॅस मशीनवर लावतो.

आणि साखर कोणाची हेही बघावं लागतं. ज्याचं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची टेस्ट) ९ आहे त्याची नेहमीची सरासरी साखर २१२ च्या आसपास, त्याला २५० म्हणजे थोडीच चढली. ज्याचं ५.६ त्याची सरासरी ११४, त्याला तीच २५० म्हणजे दुपटीच्या वर, अशा पेशंटची आम्ही जास्त काळजी करतो. पण एक्मोवर रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागतात, त्यानंतर केलेली ही टेस्ट फसवते. तेव्हा घरच्यांनो, जुना रिपोर्ट असेल तर पहिल्याच दिवशी आणून द्या. मध्यंतरी एक मुलगा बाहेर बाकावर बसून मोबाईलमध्ये वडिलांचे फोटो मागे मागे सरकवत होता, चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टचा फोटो सापडला, ८.८. डॉक्टरांनी तो आकडा चार्टच्या वर लाल पेनाने लिहिला आणि त्या रात्री इन्सुलिनचा डोस वाढवला नाही.

- एक आयसीयू नर्स