सल्ला देणारे आणि सल्ला ऐकणारे

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

देशातल्या मोठ्या विचारवंतांची एक राष्ट्रीय अकादमी असावी आणि तिनं सरकारला सल्ला द्यावा, ही कल्पना मला मनापासून पटते. पण माणसं निवडली की काम झालं असं नाही ना. जाणकार तर आत्ताही आहेतच, राज्यसभेत राष्ट्रपती 12 जण नेमतात, साहित्य, विज्ञान, कला, समाजसेवा यातले. राष्ट्रीय विज्ञान अकादमी तर आपल्याकडे 1935 पासून आहे. खरी अडचण सल्ला दिल्यानंतर सुरू होते.

पश्चिम घाटाचंच बघा. घाटातलं पर्यावरण कसं जपायचं हे सांगायला केंद्र सरकारनं पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांची समिती 2010 मध्ये नेमली, तिनं 2011 मध्ये रिपोर्ट दिला, आणि तो लोकांसमोर यायला 2012 उजाडलं, तेही माहिती अधिकारात लढून, कोर्टापर्यंत जाऊन. आमच्या गावच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा झाली तेव्हा एकाच्याही हातात मराठी प्रत नव्हती, मोबाईलवर आलेल्या मेसेजवरून लोक तावातावानं भांडत होते, आणि शेजारचे एक आजोबा सारखे विचारत होते, "अहो, पण आमच्या आंब्याच्या बागेचं काय होणार?" कुणालाच सांगता येईना.

म्हणून अकादमीच्या कायद्यातच लिहा की रिपोर्ट दिला त्याच दिवशी तो सगळ्या भारतीय भाषांत जाहीर होईल आणि सरकारनं 6 महिन्यांत लेखी उत्तर द्यायचं, मान्य नसेल तर का नाही ते कारणासकट. आणि सदस्य मंत्र्यांनी नेमू नयेत, अमेरिकेत 1863 पासून तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यच नवे सदस्य निवडतात. त्यात घाट चढणारा, शेती करणारा जाणकारही हवाच.

– एक वाचक, चिपळूण