‘देव तारी’ हे हेडिंग आता पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठे बिल्डिंग पडली, दरड कोसळली, बस दरीत गेली की त्यातून एखादं लेकरू जिवंत निघतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग ठरलेलं, देव तारी त्याला कोण मारी. तुमच्याच नाही, सगळ्यांच्याच पेपरात. महाडला 24 ऑगस्ट 2020 ला पाच मजली इमारत पडली तेव्हा पण तेच, चार वर्षांचा मुलगा दुसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून बाहेर काढला, टीव्हीवर लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते, मी पण घरी बसून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. पण त्याची आई त्याच ढिगाऱ्यात गेली आणि एकूण सोळा माणसं गेली. मग मुलाला देवाने तारलं असेल तर आईचं काय केलं, हे पण त्या हेडिंगवाल्याने लिहावं ना. आणि हा प्रश्न कुणी नास्तिक विचारतोय असं समजू नका, आमच्या घरात तीन पिढ्यांची माळ आहे, मी रोज हरिपाठ म्हणतो, म्हणूनच मला हे जास्त टोचतं.

मी लातूर जिल्ह्यातला. 30 सप्टेंबर 1993 आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून, पुढच्या वर्षी लवकर या म्हणून लोक घरी आले, दमून झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. जवळपास दहा हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची मिळून 52 गावं तर भुईसपाट झाली. तेव्हाही काही दिवसांनी ढिगाऱ्यातून एक लहान मुलगी जिवंत निघाली होती आणि तेव्हाही चमत्कार झाला, पण तिला काढणारे हात लष्कराच्या माणसाचे होते.

माझी आत्या तिकडेच दिलेली होती. घरातली चार माणसं गेली, त्यात तान्ही नात. नंतर भेटायला येणारे काय बोलायचे ते मी स्वतः ऐकलंय. कुणी म्हणे मिरवणुकीत दारू पिऊन नाचतात, देव कोपला. कुणी म्हणे पाप फार वाढलं होतं. आणि जास्त शिकलेले, जास्त वाचलेले लोक म्हणायचे, भोग असतात हो, मागच्या जन्मीचं देणं असतं, फेडावंच लागतं. आत्या एकदाच बोलली, म्हणाली दीड महिन्याच्या पोरीनं कुणाचं काय खाल्लं होतं? सगळे गप्प बसले, पण पुढच्या घरी जाऊन तेच बोलले असणार.

आता हे मागच्या जन्माचं गणित जरा किल्लारीला लावून बघा. आमच्याकडे ज्याची परिस्थिती बरी त्याचं माळवदाचं घर. दोन-अडीच फूट रुंद दगडाच्या भिंती, दगड सगळे मातीत बसवलेले, सिमेंट नाही, दोन दगडांना एकत्र धरून ठेवणारं काही नाही, वर लाकडी खण आणि त्यावर मातीचा जाड थर, तो पण गळू नये म्हणून पावसाळ्याच्या आधी अजून माती टाकून वाढवत न्यायचा. उन्हाळ्यात आत गारवा काय असतो ते राहिलेल्यालाच माहीत. धक्का बसल्यावर भिंती फुटल्या आणि तो सगळा दगड-मातीचा भार झोपलेल्या माणसांवर आला. गावाच्या कडेला कुडाच्या घरात, झोपडीत राहणारे गरीब मात्र बरेच वाचले, कारण त्यांच्या अंगावर पडायला काही नव्हतंच. शेतात आखाड्यावर, म्हणजे गोठ्यापाशी, झोपलेले सालगडी पण वाचले. म्हणजे एरवी आपण म्हणतो मागच्या जन्मीचं पुण्य म्हणून वाडा मिळाला, आणि त्या रात्री वाड्यानेच मारलं. मग पुण्य कुठलं आणि पाप कुठलं? हिशोब जुळवायला बसलं की असंच होतं, निकाल आधी लागलेला असतो आणि आपण मागून कारण चिकटवतो.

बरं आधी काही चाहूलच नव्हती असंही नाही, वर्षभर आधी ऑक्टोबर 1992 मधे किल्लारीत धक्के बसले होते. पण भूकंपाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता, तो बदलून मध्यम धोक्याचा झोन तीन झाला 2002 साली. भोग म्हटलं की या गोष्टी कुणी बघतच नाही. महाडला निदान बिल्डरवर गुन्हा तरी दाखल झाला, पण तिथेही एकदा प्रारब्ध म्हटलं की कॉलममधे किती स्टील घातलं होतं हे विचारायचं राहूनच जातं. बिल्डरसाठी एवढा सोयीचा सिद्धांत दुसरा नसेल.

मोठमोठ्यांची यात गल्लत झालीय. 15 जानेवारी 1934 ला बिहारमधे भूकंप झाला, हजारो माणसं गेली आणि गांधीजी म्हणाले ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे. हेतू चांगलाच होता, त्यांना अस्पृश्यता घालवायची होती. टागोरांनी जाहीरपणे विरोध केला, तेही अस्पृश्यतेच्या विरोधातच होते पण त्यांचं म्हणणं निसर्गातल्या घटनेची कारणं निसर्गातच असतात, तिला पाप-पुण्याशी जोडलं तर उद्या विरोधक पण हाच भूकंप दाखवून सांगतील की तुमच्या पापाने झाला. मला टागोर पटतात. कारण बिहारमधे ज्यांच्यावर अन्याय झाला होता ते पण त्याच ढिगाऱ्याखाली गेले, ही कसली शिक्षा?

तिकडे पोर्तुगालमधे लिस्बनला पण 1 नोव्हेंबर 1755 ला सणाच्या दिवशी लोक चर्चमधे प्रार्थनेला जमलेले असताना भूकंप झाला आणि युरोपातल्या पंडितांचं हेच भांडण लागलं, म्हणजे हे काही फक्त आपलं नाही.

आता कुणी म्हणेल संतांनी पण संचित, प्रारब्ध म्हटलंच आहे की. म्हटलंय, नाकारत नाही. पण बहुतेक वेळा स्वतःबद्दल म्हटलंय. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली, ते सगळं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय. आणि ज्यांनी त्यांच्याकडून कर्ज घेतलं होतं त्यांना ते म्हणाले नाहीत की तुमचे भोग, फेडा, उलट आपल्या वाटणीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. स्वतःच्या दुःखाला कुणी प्रारब्ध म्हणून सोसलं तर त्याला मी हात जोडीन. दुसऱ्याच्या दारात जाऊन त्याच्या दुःखाला तेच लावणं म्हणजे निव्वळ निर्दयपणा, मग तोंडाने कितीही रामकृष्णहरी म्हणा.

भूकंप मात्र कुठल्या बिल्डरने केला नाही, तो झाला. घरं नीट बांधली असती तर मेले कमी असते, पण जमीन का हलते, तान्ही पोर का जाते, हा प्रश्न उरतोच आणि तो देवालाच विचारायचा आहे. आणि विचारायची आपल्याकडे मोठी रीत आहे. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत पडून गेले, 1338 साल, बरोबरचे मजूर पण गेले. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त आणि वेठीच्या कामात भिंतीखाली. त्यांचा मुलगा कर्ममेळा, त्याने देवाला तोंडावर विचारलंय की आम्हाला हीन जातीत घातलंस, उष्टं खाण्यात आमचा जन्म गेला, तुला लाज कशी वाटत नाही. असं बोलणाऱ्याला कुणी पंथातून काढलं नाही, गाथेत त्याचा अभंग आहे. आत्या पण शेवटपर्यंत वारीला गेली, पायावर डोकं ठेवायची आणि वर बघून चार शब्द सुनवायची.

तर संपादकसाहेब, पुढच्या वेळी कुणी वाचलं तर कोणी वाचवलं ते हेडिंगमधे टाका, फायर ब्रिगेडचा जवान, एनडीआरएफ, शेजारचा पोरगा, जो असेल तो. आणि जे गेले त्यांच्या बातमीत ती भिंत कुणी बांधली होती, परवानगी कुणी दिली होती, हे छापा. जाता जाता एक, कर्ममेळ्याचा तो अभंग मी इतक्या वर्षात एकाही कीर्तनात ऐकलेला नाही. तुमच्या वाचकांपैकी कुणा महाराजांनी कीर्तनाला घेतला तर गाव आणि तारीख छापा, मी एसटीने येईन.

आपला,
एक वाचक, औसा